हिंमतरावांना घरी बसवलं

२९ ऑक्टोबर, मंगळवार
निवडणूक ऑफिसात डेटा एन्ट्री. पहिला दिवस. पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांकडून घरी जाऊन टपाली मत घेतात. ज्यांना हवंय त्यांनी सही करून 'हो' कळवलंय, नकोय त्यांनी 'नाही'. मी ते फक्त कॉम्प्युटरवर टाकायचं. ज्याच्यापुढे 'हो', त्याला मग केंद्रावर मत देता येत नाही. आमच्या वरिष्ठ शर्मिला मॅडमनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. बारावी अर्धी राहिली, पण डोकं चालतं.
संकल्प: ही नोकरी मध्येच सोडायची नाही. पर्मनंट करतीलच.

३० ऑक्टोबर
ऑफिसात स्पीड सगळ्यात जास्त माझा. मध्ये खडकवासल्याचा एक व्हिडिओ बघितला. पुण्यात दीड वर्ष झालं, धरणावर चल असं कुणी म्हटलेलं नाही. त्या नादात बहुतेक एक ओळ खाली सरकली. खडकीतली एक इमारत. तळमजल्यावरच्या यमुनाबाई अंथरुणावर, त्यांचा 'हो' वरच्या हिंमतरावांना गेला. हिंमतरावांचा 'नाही' यमुनाबाईंना. लक्षात आलं तोवर सबमिट झालेलं. मॅडमना सांगणारच होतो, पण त्या फोनवर. त्यांचा फोन संपला तेव्हा मी चहाला.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
रूमवर एकटा. रूममेट बजरंग गावी गेला. वाशिमला घरी सांगितलं, तिकीट मिळालं नाही. काढायला गेलोच नव्हतो, ते वेगळं.
खडकीचं प्रकरण स्वतःच मिटवायचं ठरवलं. हिंमतराव घरून मत द्यायला तयार झाले की अर्धी चूक आपोआप बरोबर. यमुनाबाईंचं नंतर बघू.

रात्री
खडकीला जाऊन आलो. हिंमतराव सत्त्याऐंशीचे, दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर. दारातच उभं केलं. म्हटलं, आजोबा, सरकार तुमच्या दारात येतंय. म्हणाले, येऊ दे, बेल बंद आहे. म्हटलं, या वयात पायपीट कशाला? तर म्हणाले, अहो, मत दोन मिनिटांचं असतं. फॅक्टरीतले आम्ही तिघं उरलोय. बाकीचे दोघं मुलांकडे राहायला गेले, नावं अजून इथल्या यादीत. मतदानालाच काय ते भेटतो. आता तेही बंद करताय का आपण?
 मग त्यांनी चकली दिली, हातावर. आत या म्हणाले नाहीत. तरी आमचं जमलंय.
उद्या गेल्या गेल्या मॅडमना सांगायचं. नक्की.

२ नोव्हेंबर, शनिवार
ऑफिस चालू होतं. निघालोही. स्वारगेटला खडकवासल्याची बस समोर, खिडकीची जागा रिकामी. पोट बिघडलंय असं मॅडमना कळवलं.
धरणावर सगळे जोडीने, नाहीतर अख्खं कुटुंब. कणीस गार. फोटो छान आला. कुणाला पाठवावा सुचेना, आणि बोट लागून मॅडमनाच गेला. लगेच डिलीट केला. ब्लू टिक आधीच आलेली.

४ नोव्हेंबर
मॅडमनी पोटाची चौकशी केली. धरणाचं पाणी बाधलं का, म्हणाल्या.
मग कळलं की माझी प्रत्येक एन्ट्री दुसऱ्या माणसाने सहीच्या कागदाशी ताडून पाहिलीय. नियमच आहे म्हणे. एक चूक नाही, सहा सापडल्या. चुकीच्या नोंदीवर लाल रेघ, शेजारी बरोबर नोंद, मॅडमची सही आणि तारीख. उमेदवारांच्या माणसांना दाखवून दुरुस्त यादी पुढे. यमुनाबाईंकडे टीम जाणार, हिंमतराव केंद्रावर. चहा गार व्हायच्या आत संपलं. मीच उगाच काळजी वाहिली.
एका अर्थी माझ्यामुळे सिस्टीमची टेस्ट झाली. मॅडमना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका.
निवडणुकीनंतर बोलावतील.

२० नोव्हेंबर, मतदान
हिंमतरावांना हात धरून केंद्रावर न्यायचं ठरवलं होतं. उठायला उशीर झाला. पोचलो तर ते शाळेच्या फाटकाबाहेर, शाई लावून मोकळे. दोन्ही मित्र सोबत. तिघं नुसते हसत होते.
मी हात केला. हिंमतराव मित्रांना म्हणाले, हा बघा, मला घरी बसवायला निघाला होता! म्हणजे ओळख ठेवलीय. एकाने विचारलं, तुमचं झालं का मतदान? म्हटलं, माझं नाव गावाकडे. मग इथं काय करताय, म्हणाला.
हिंमतरावांनी रिक्षाला हात केला. म्हटलं, मीही येतो. ते म्हणाले, मागे तिघंच बसतात. ड्रायव्हरशेजारी बसता आलं असतं, पण मी तो विषय काढला नाही.
रिक्षा गेली. मी मतदानाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढच्या माणसाने मागे वळून, ऊन लागतंय ना, म्हटलं. बऱ्याच गप्पा झाल्या. दार जवळ आलं तसा बाजूला झालो.