लाल पट्टीचं घर

२ फेब्रु., रवि.
पाड्यावरच्या रविवारच्या वर्गात आजपासून बायबलातलं यहोशवाचं पुस्तक. पाळकसाहेब डहाणूहून येणार होते, आले नाहीत. मोटारसायकल पंक्चर म्हणे. दर खेपेला तीच पंक्चर होते. मग धडा माझ्याच गळ्यात. तलासरीहून चारोटी, तिथून जीप, वर चढ. दमले.
वर्ग माझ्या आईच्या ओट्यावर, म्हणून पोरांबरोबर शेजारची मोठी माणसंही टेकतात. देवाने इस्राएलाला देश दिला, नदी ओलांडून गेले, वगैरे सांगितलं. शेजारचा सोनूकाका म्हणाला, "तठं आधी कोन रेत होता का?" म्हटलं, हो, कनानी. "मंग त्यांना इचारला का?" सगळे हसले, मीही हसले. पुढचं पान उलटलं.

९ फेब्रु., रवि.
राहाबचा धडा, यहो. २. हा माझा आवडता. माझ्या शिवणाच्या दुकानात अस्तराची लाल कात्रणं पडून होती, त्यांच्या पट्ट्या कापून नेल्या. यरीहो गावातल्या राहाबने इस्राएलाचे हेर घरात लपवले म्हणून तिला खूण मिळाली: खिडकीला लाल दोर बांध, गाव घेऊ तेव्हा तुझं घर सोडून देऊ. पोरांना एकेक पट्टी दिली. आईनेही मागून घेतली आणि दाराच्या कडीला बांधली.
आईचा बाप्तिस्मा नाही. आढ्याला तिच्या देवाची टोपली अजून आहे, मी बोलत नाही. पण गोष्टीत एक शब्द चुकू देत नाही. "आतली सगली वाचली?" सगळी. "आन दाराभायेर गेला तो?" तो मेला तर ज्याचं रक्त त्याच्याच माथी, असं ठरलं होतं. तिने मान हलवली. परत येताना जीपमध्ये फार बरं वाटत होतं. वाटलं, आता येईल ही प्रभूकडे.

१९ फेब्रु., बुध.
सोनूकाकाच्या सुनेचा फोन. मोजणीवाले येऊन गेले, नवा रस्ता पाड्याच्या खालच्या अंगाने जाणार. कुणाकुणाच्या घरावर खुणा केल्यात. आईच्या घरावर? "हां, तुमच्या आयेच्याच पैली." दिवसभर मशीनवर धागा तुटत होता. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली.

२२ फेब्रु., शनि.
गेले. दाराशेजारी भिंतीवर लाल रंगात बाण आणि आकडा. आणि त्याच्याभोवती आईने तांदळाच्या पिठाने चौक काढलाय, लग्नघरात काढतात तसा! नक्षी, खाली झाडं, सगळं.
मला हाताला धरून दाखवलं. "बघ. तू सांगलास तसाच झाला. माझा दोर बघला आन वर रंगाची खूण केली. आता ये घराला कोनी हात नांय लावाचा." मग हळूच, "सोनूच्या घराला नांय लावला. बिचारा. त्याची सून पोटुशी हाय."
सोनूकाका तिकडून माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत आहे, लाल म्हणजे पाडायचं. सगळ्या पाड्याला माहीत आहे, पण तिला कुणी सांगत नाही. तुझी आई, तू सांग, असं त्याच्या नजरेत.
नाही सांगितलं. चहा पिऊन आले.

२३ फेब्रु., रवि.
आज पाळकसाहेब आले. यरीहो. तटाभोवती फेऱ्या, शिंगं, जयघोष, भिंती कोसळल्या. "तुमच्यापुढच्या भिंतीही पडतील, मोठ्याने हालेलूया म्हणा!" बायकांत उत्साहाने ओरडली ती फक्त माझी आई. मी कुडाकडे बघत बसले. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती. सोनूकाका पुटपुटला, "याला शिंगा कशाला, ढकला का झाला."
पा. सा. ना बाजूला घेऊन विचारलं, या गोष्टीत आपण कोण? इस्राएल का यरीहो? म्हणाले, "आपण विश्वासाने इस्राएल. प्रार्थना करा. आणि हा रस्त्याचा विषय धड्यात आणू नका." मोटारसायकल आज मात्र एका किकमध्ये सुरू झाली.

२७ फेब्रु., गुरु.
नोटीस आली. १२ मार्चला प्रांत कचेरीत सुनावणी, हरकत असेल त्याने जातीने यावं. घर आईच्या नावावर, अंगठा तिचाच लागणार. हे म्हणाले, "सांगून टाक एकदा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" यांना म्हणी बऱ्या सुचतात. यांची आई नाही ना ती.

४ मार्च, मंगळ.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, राहाब पुन्हा वाचली. तिचं घर तटालाच लागून होतं, भिंतीतच. आणि भिंत तर पडली. मग घर? घराचं पुढे काय झालं, अक्षर नाही. माणसं बाहेर काढली आणि इस्राएलाच्या छावणीबाहेर नेऊन ठेवली, मग गाव जाळलं. बस.
राग आला. प्रभूचा. असं वचन काय कामाचं? लिहून टाकलं, आता खोडत नाही.

८ मार्च, शनि.
सांगितलं. तोंडाने धीर होईना म्हणून बायबल उघडून वाचत गेले. आई ओट्यावर मोहाची फुलं निवडत होती. भिंत पडली, राहाबला माणसांसकट बाहेर आणलं.
"भायेर कठं?"
छावणीच्या बाहेर.
"आन घर?"
घराचं लिहिलेलं नाही, आये.
"लिवला नांय म्हंजे वाचला."
मग मी सरळच बोलले. हा रंग वाचवायचा नाही, पाडायचा आहे. रस्ता इथून जाणार. बुधवारी माझ्याबरोबर डहाणूला चल, हरकत घेऊ. ती मोह निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "तुझ्याच देवाची खूण, आन तूच खोटी सांगतंस?"
बायबल मिटून पिशवीत टाकलं.

११ मार्च, मंगळ.
सुनेचा पुन्हा फोन. आईने तिला निरोप दिलाय: तुझ्या पोटातल्या लेकराला घेऊन माझ्या घरात ये, तिथं खूण हाय. आणि मलाही: मशीन, नवरा, सगळं घेऊन ये, बुधवारी भायेर राहू नको.


१२ मार्च, बुध.
आईच्या घरात बसून लिहितेय.
सकाळी जीप खाली उभी करून वर आले. दार आतून लावलेलं. कडीला पट्टी, धुऊन पुन्हा बांधलेली. हाका मारल्या. आये, सुनावणी आहे, तू आली नाहीस तर घर जाईल. आतून, "भायेर गेला त्याचा रगत त्याच्या माथी. तूच सांगलास." म्हटलं, ती गोष्ट वेगळी. "कशी येगली?" म्हटलं, आये, पाया पडते. जीपवाला हॉर्न मारायला लागला. सोनूकाका म्हणाला, दार तोडू का? नको म्हटलं. दार तोडून तिला बाहेर ओढायची, तेही आज, आणि मीच?
मी तिथेच खाली बसले आणि रडले. शेजाऱ्यांसमोर, लाज न बाळगता. तेव्हा कडी वाजली. दार बोटभर उघडलं. तिचा हात बाहेर आला, माझं मनगट धरलं. "रडतंस कशाला? आत ये लवकर. कोनी बघल."
जीपवाल्याला हाताने सांगितलं, जा.
तिने दार लावून घेतलंय. चुलीवर भाकर टाकतेय. डहाणूत आतापर्यंत आईचं नाव पुकारलं असेल.
मी आत आहे.