साहेबांचं मैदान आणि माझा अर्ज

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (पत्रातून घालायला सोपा पडतो). तुमची कंबर आता कशी आहे? मामी सांगते तो शेक टाळू नका. इकडे सगळं ठीक आहे, फक्त गल्लीतलं कुणी माझ्याशी बोलत नाही.

कारण आमचा कुत्रा. बाबांनी तीस वर्षं शिपाई म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, म्हणून त्याचं नाव साहेब. ‘साहेब, खाली बसा’ म्हणताना बाबांचा चेहरा जसा खुलतो, तसा माझ्या पदवीच्या दिवशीही खुलला नव्हता. तर साहेबाचं वजन बत्तीस किलो झालं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, रोज मोकळं पळवा, नाहीतर मागचे पाय जातील.

पळायला जागा होती. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात आसपासची सगळी कुत्री वर्षानुवर्षं सुटी पळत होती. परवानगी कुणी दिली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. हेच मला खुपलं. (घरातली पहिली पदवीधर ना मी! ज्याचा कागद नाही ते मला अर्धवट वाटतं.) मी नगरपालिकेत चार पानी अर्ज दिला, की हे मैदान कुत्र्यांच्या व्यायामासाठी अधिकृत करावं. दुरुस्ती व्हावी म्हणून त्रुटीही प्रामाणिकपणे लिहिल्या: कुंपण मोडलेलं, कोपऱ्यात उघडा खड्डा, गवतात काचा. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, “अगं, झाकली मूठ राहू दे!” मी त्यांना नागरिकांच्या हक्कांवर अर्धा तास ऐकवलं. तेवढ्यात त्यांनी ब्लाउजच्या दोन्ही बाह्या लावल्या.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं तुम्ही म्हणता. माझं चार दिवसांत झालं. फाटकाला कुलूप, वर पाटी: ‘मैदान धोकादायक. प्रवेश बंद.’ खाली माझ्या त्रुटी, माझ्याच शब्दांत. बाबांनी पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, “भाषा छान आहे गं.” शिंपीणबाई म्हणाल्या, “बाई, आमच्या नळाला पाणी कमी येतं, पण तू अर्ज करू नकोस हं!”

मग रस्त्यावर नेलं, तर साहेब ट्रकच्या भोंग्याला घाबरून माझ्या पायांत शिरला. बागेत माळ्याने आम्हा दोघांवर नळी सोडली. गच्चीवर तो हौसेने चढला, पण उतरायला तयार होईना. चार मजले मी उचलून आणला. (वजन उतरलं ते माझं.)

काल उठताना त्याचे मागचे पाय थरथरले. बाबा त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

मामीला नमस्कार.

तुमची शिकून शहाणी व्हायची राहिलेली
भाची

ता. क. तुमची लाकडाची वखार उघडण्याआधी मागची जागा तासभर मोकळी असते ना? साहेबाला तिथे पळू द्याल? हा अर्ज नाही, विनवणी आहे.

आणखी एक. गल्लीतल्यांनी फारच फैलावर घेतलं, तेव्हा माझ्या तोंडून तुमचा पत्ता निघून गेला. म्हणून पत्र पोस्टात न टाकता तुमच्या दाराखालून सरकवते आहे. दार जरा लवकर उघडा. आम्ही सगळे बाहेरच उभे आहोत. कुत्री अकरा.