यास्नाची टाकी जागी झाली

प्रिय यास्ना,

खाणीतल्या नोकरीच्या कागदावर अजून सही केली नसशील, तर पेन खाली ठेव आणि आधी हे वाच. तुझी टाकी चालू झाली! देवाशपथ. मधल्या कप्प्यातल्या समुद्राच्या पाण्याचा खारटपणा तुझ्या मीटरवर पस्तीस होता, तो आज सकाळी एकच्याही खाली आला. मी तीनदा मोजला. चौथ्यांदा मोजायला शेजारच्या नोल्बेर्तोला हाक मारली.

विद्यापीठाच्या लोकांसमोर टाकी मेलेली निघाली आणि तू स्वतःच्याच गणिताला बोल लावत खाणींच्या त्या अन्तोफागास्ता शहरात निघून गेलीस. तेव्हापासून ती अंगणात धूळ खात होती. मला तुझं एवढंच कळलं होतं, की जिवाणू घाण खातात, खाता खाता वीज सोडतात, आणि ती वीज पडद्याआडच्या पाण्यातलं मीठ ओढून घेते. मग काय, बंदराच्या धक्क्याखालचा काळा कुजका गाळ बादलीभर आणला, मासे धुतलेलं पाणी रोज ओतलं आणि हवा लागू नये म्हणून झाकण घट्ट लावलं. नोल्बेर्तो कुंपणावरून रोज टोमणा मारायचा, "काय गं ओर्तेन्सिया, किड्यांना दोन वेळ जेवायला घालतेस, आणि मला साधा चहासुद्धा नाही?" आज त्याला त्याच मधल्या कप्प्यातलं पाणी उकळून चहा दिला. कप रिकामा करून त्याने तो पुन्हा माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "टँकरवाल्याला सांग, आता सावकाश आलास तरी चालेल."

आता जे सांगायला बसले ते सांगते. विद्यापीठाचे ते लोक यायच्या आदल्या दिवशी तू सामान आणायला गेली होतीस. टाकीला वास मारत होता. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते तुला ठाऊक आहे: फरशी, संडास, दारची पायरी, सगळीकडे क्लोरीन. दोन बाटल्या मी टाकीतही ओतल्या. तुझी लाज राखावी म्हणून, पोरी. दुसऱ्या दिवशी तू रडलीस, तेव्हा मी काय मारलं ते कळलं, आणि माझी दातखीळ बसली. आधी टाकी जिवंत करायची, मगच तोंड उघडायचं, असं ठरवलं होतं. तुझं गणित बरोबर होतं, यास्ना. चूक माझी होती. सोमवारी सही करू नकोस. घरी ये आणि मला हवं तेवढं बोल.

तुझीच,
क्लोरीनच्या बाटल्या फेकून दिलेली आई