बारा गाड्या, बारा झेंडे

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.

काम असं. गल्लीच्या टोकाला मॉडेलवाल्या काकांचं वर्कशॉप आहे. इमारती, जहाजं, गाड्या, जे सांगाल ते लहान करून देतात. सध्या एका म्युझियमसाठी देखावा चाललाय: सरकारी कचेरीचं पटांगण आणि तिथे साहेबलोकांच्या बारा काळ्या गाड्या. स्केल एकास चोवीस. प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर काडी, काडीवर कापडी झेंडा. झेंडे मी करणार. पसंत पडले तर वर्कशॉपमध्ये कायमची जागा. म्हणजे दाजींच्या लाँड्रीच्या काउंटरवरून सुटका.

मुदत २८ तारीख. दिवस सव्वीस, झेंडे बारा. दोन दिवसांत एक धरला तरी दोन दिवस उरतात. ते फिनिशिंगला.

ताई म्हणाली, काकांना सगळं नीट विचारून घेतलंस ना? म्हटलं, माप घेतलं, झेंड्याचं चित्र घेतलं, आणखी काय विचारायचं असतं? काही लोकांना उगाच शंका काढायची सवय असते.

३ फेब्रुवारी
खरा झेंडा २१.६ सेंटिमीटर बाय १४.४. भागिले चोवीस. नऊ मिलिमीटर बाय सहा. तीनदा भागाकार केला, तिन्ही वेळा तेच उत्तर. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला तो ड्रॉइंगच्या सरांमुळे, गणितामुळे नाही.

निळा झेंडा, मधे पांढरा पट्टा, पट्ट्यात पिवळा तारा. ताऱ्याला पाच टोकं. तारा दीड मिलिमीटरचा.

संध्याकाळी बाबा मागे येऊन उभे राहिले. बाबा तीस वर्षं साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. तेव्हापासून घरात कुणीही काहीही करत असलं की मागे येऊन उभे राहतात. म्हणाले, गाडीत साहेब बसलाय का रे? म्हटलं, नाही, काकांनी गाड्या रिकाम्याच ठेवल्यात. म्हणाले, मग असं बघ... म्हटलं, बाबा, प्लीज, मी मोजतोय. गेले.

७ फेब्रुवारी
कापडाचा प्रश्न. साधं सुती कापड भिंगातून पाहिलं तर खाटेच्या नवारीसारखं दिसतं. एकास चोवीसला ते गोणपाट ठरेल. लोकांना दिसणार नाही, पण मला दिसेल.

मलमल: दशा निघतात.
रुमाल: दशा निघतात.
ताईच्या जुन्या ओढणीचं टोक: दशा निघाल्या, शिवाय ताईने विचारलं की जुनी कोण म्हणालं.

झाले झेंडे: शून्य. पण हा अभ्यासाचा आठवडा होता. तो धरायचाच नव्हता.

१० फेब्रुवारी
शोध लागला! कापड आधी पातळ डिंकात बुडवायचं, वाळवायचं, मग नव्या ब्लेडने कापायचं. दशा बंद. हे कुणीच कसं सुचवलं नाही!

दुपारी दाजींनी सांगितलं की लाँड्रीत हे गेली चाळीस वर्षं माहीत आहे, त्याला खळ म्हणतात. त्यांना म्हटलं, तुमची खळ कॉलरसाठी असते. ते म्हणाले, बरोबर आहे राजे, आमचं काम मोठ्या मापाचं.

टोमणा होता. नोंद करून ठेवतो.

१२ फेब्रुवारी
रंग पसरतो. पिवळा तारा पांढऱ्या पट्ट्यात फुटून अंड्याच्या बलकासारखा झाला. अकरा तारे काढले, अकरा बलक. बाराव्याला पाच टोकं आली, पण त्यातलं एक माझ्या नखावर.

निश्चय: उद्यापासून चहा बंद. हात थरथरतो तो चहामुळे.

१३ फेब्रुवारी
चहा न घेतल्यामुळे हात थरथरला. चहा सुरू.

बाबा पुन्हा आले. म्हणाले, त्या झेंड्याचं एक सांगायचं होतं. म्हटलं, बाबा, तुम्ही गाडी चालवत होता, झेंडा शिवत नव्हता. म्हणाले, ते खरंच. आणि जाऊन पेपर वाचत बसले. तोच पेपर सकाळी वाचून झाला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार
योग्य कापड सापडलं. संगीतशिक्षिका बाईंचा रेशमी स्कार्फ ड्रायक्लीनला आलाय. वीण इतकी बारीक की भिंगातूनही गुळगुळीत. एका कोपऱ्यातून फक्त चार बोटं पट्टी घेतली. कडा मूळ टाक्यासारखीच दुमडून शिवली. बाईंना कळणं अशक्य आहे. त्या गळ्यात घालतात, मोजत नाहीत.

हे योग्य नाही, हे मला मान्य आहे. पण बारा झेंडे झाले की मी स्वतः बाईंना म्युझियम दाखवायला नेईन. त्यांना अभिमानच वाटेल.

१९ फेब्रुवारी
चार झेंडे तयार! खरोखर तयार. तारा, पट्टा, शिवण, सगळं. डिंक ओला असताना पेन्सिलीवर गुंडाळून लाट दिली. वाऱ्यावर फडफडताना मधेच थांबल्यासारखे दिसतात. लवकर वाळावेत म्हणून टेबलफॅनसमोर ठेवून जेवायला गेलो.

४.३० वाजता: चारही नाहीत.
५.१५: एक सापडला. बाबांच्या मोज्याला चिकटला होता. त्यांनी सोलून दिला आणि म्हणाले, काम सुरेख आहे रे, पण... तारा गेला होता. मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

बाकीचे तीन ताईने केर काढताना गेले असावेत. तिचं म्हणणं, केरात केर होता.

२१ फेब्रुवारी
संगीतशिक्षिका बाई मोजतात.

काउंटरवर स्कार्फ पसरून म्हणाल्या, याचा एक कोपरा मागे सरकलाय. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पावतीवरच्या ‘स्र्काफ’चा ‘स्कार्फ’ करत होतो. शेवटी सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाल्या, आईचा होता, पण झेंडा झाला की मला एकदा दाखव.

त्या गेल्यावर दाजी म्हणाले, राजे, आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाचा कपडा धुवायचा असतो, वाटून घ्यायचा नसतो. आजपासून मी काउंटरवर नाही, मागे घड्या घालायला. ताई मधे पडली म्हणून तेवढ्यावर भागलं.

एका अर्थी बरंच झालं. मागे उजेड चांगला आहे.

२४ फेब्रुवारी
नवा हिशेब. दिवस चार, झेंडे बारा. रोज तीन. अवघड नाही, शिस्त हवी.

२५ फेब्रुवारी
रोज चार.

२६ फेब्रुवारी
रोज सहा. बोटाला ब्लेड लागलं. लाल ठिपका झेंड्यावर. निळ्या झेंड्यात लाल नाही. रद्द.

काकांना फोन करून मुदत वाढवून मागावी का? नको. तयारी नाही असा समज होईल.

२७ फेब्रुवारी
एक झाला. परिपूर्ण आहे. नऊ बाय सहा. पाच टोकं. कडेला शिवण, जी फक्त मला दिसते. लाट अशी की गाडी तासाला चाळीसने चाललीय असं वाटावं. पंखा बंद, खिडकी बंद, श्वास शक्यतो बंद.

काकांना सांगेन, हा नमुना. असं काम घाईने होत नाही, हे काकांसारख्या कारागिराला सांगावं लागत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार
काय झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला वर्कशॉप. झेंडा काड्यापेटीत, कापसावर. बाबा म्हणाले, मीही येतो, गाड्या बघेन. नाही म्हणता आलं नाही.

काकांनी भिंगातून झेंडा पाहिला. बराच वेळ. म्हणाले, वा! मग म्हणाले, बाकीचे अकरा? मी नमुन्याबद्दल सांगायला लागलो. काकांनी डोक्याला हात लावला. म्युझियमची गाडी चार वाजता येणार होती.

बाबा इतका वेळ गाड्यांभोवती फिरत होते. देखाव्यातल्या पटांगणात गाड्या ओळीने उभ्या, आत कुणी नाही, बाहेर ड्रायव्हर लोकांचे बोटभर पुतळे चहा पिताहेत. बाबा म्हणाले, देखावा झकास आहे हो, पण साहेब तर कचेरीत आहेत. मग झेंडे कसे? साहेब उतरला की आम्ही पहिल्यांदा झेंड्यावर खोळ चढवायचो. साहेब नाही तर झेंडा नाही. उघडा राहिला तर मेमो मिळायचा. मला दोन मिळालेत.

काकांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, अहो, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे त्यांचं चांगलं आहे. म्हणाले, राहून गेलं.

मग त्यांनी खोळ कशी असते ते सांगितलं. काळी, अरुंद, काडीला लागून सरळ खाली. काकांच्या खणात जुनी विजेची वायर होती. बाबांनी आतली तार ओढून काढली, वरचं काळं आवरण सात-सात मिलिमीटरचं कापलं आणि काड्यांवर चढवलं. बारा खोळी. वीस मिनिटं. मधे चहाही प्यायले.

हात थरथरला नाही.

काका म्हणाले, तीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस मला कधीचा हवा होता. पुढचं काम बसडेपोचं आहे. सोमवारपासून याल का? बाबा म्हणाले, घरी विचारून सांगतो. घरी कुणाला विचारणार होते, कळत नाही. येताना रस्ताभर शीळ घालत होते.

एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. सगळे चहा घेत असताना मी माझा झेंडा सुईवर गुंडाळला आणि सातव्या गाडीच्या खोळीत सरकवला. नियमाने पाहिलं तर खोळीत झेंडा असायलाच हवा. अकरा खोळी पोकळ आहेत, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या चुकीच्या. संपूर्ण देखाव्यात बरोबर अशी एकच गाडी आहे. बाईंना नेईन तेव्हा तीच दाखवीन.

१ मार्च, रविवार
बाबा सकाळी काकांना हो सांगून आले. उद्यापासून दुपारी त्यांचा डबा वर्कशॉपवर मी पोचवायचा, असं ताईने ठरवलंय. लाँड्रीच्या घड्या आटपून.

जेवताना बाबांनी सहज सांगितलं की काल चार वाजता ते पुन्हा वर्कशॉपवर गेले होते, तेव्हा देखावा गाडीत चढवताना काकांनी शेवटची नजर टाकली. सगळं पसंत. फक्त सातव्या गाडीची खोळ जराशी जाड वाटली, म्हणून बाबांनी ती काढून फेकली आणि नवी बसवली.