मी शून्य दिलं

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मी बरी आहे, तू आणि चिमणी बऱ्या असाल, असं लिहायची पद्धत आहे. मी मात्र तेच विचारायला लिहितेय. आधी काय घडलं ते क्रमाने सांगते.

१. घरातली मारहाण आधी ओळखून थांबवता येते का, यावर आमच्या विभागात संशोधन चालतं. त्यासाठी नवरा-बायकोला एका खोलीत बसवून वादाच्या विषयावर बोलायला सांगतात आणि त्यांच्या संमतीने चित्रीकरण करतात.

२. ते चित्रीकरण आमच्यातले दोघं वेगवेगळे बसून, आवाज बंद करून बघतात आणि धोक्याला शून्य ते पाच गुण देतात.

३. सोमवारच्या चित्रीकरणात नवरा शांतपणे बोलत होता. बायकोने मान डोलावता डोलावता त्याच्यासमोरचा काचेचा ग्लास उचलला आणि आपल्या मागे खिडकीत ठेवला.

४. मी शून्य दिलं. शेरा लिहिला : आवराआवर.

५. माझ्या सहकाऱ्याने पाच दिले.

एवढा फरक पडला की दोघांना आमच्या प्रमुखांसमोर बसावं लागतं. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. सहकारी म्हणाला, हिला माणसांपेक्षा मशीनं बरी कळतात. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. माझेच गुण धरले असते, तर त्या बायकोला कुणी काही विचारलंच नसतं.

त्यांनी मला विचारलं, "तुला हे साधं का वाटलं?"

मी म्हणाले, "आमच्याकडे सगळ्याच बायका असं करतात."

बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

बाबांचा आवाज खाली गेला की आई इस्त्री, कात्री उचलून आत न्यायची. तिला पसारा खपत नाही, असं आपण म्हणायचो. मागच्या महिन्यात तुझ्याकडे जेवताना भाऊजी हळू आवाजात विजेच्या बिलाबद्दल बोलत होते. तू सुरी उचललीस, ग्लास उचललास, चिमणीला दप्तर भरायला आत धाडलंस. मी म्हटलं, ताई, किती गं आवरशील? भाऊजी म्हणाले, तूच सांग, माझं कुठे ऐकते. आपण तिघंही हसलो.

तुझ्या मनगटाला कपाटाचं दार लागलं होतं म्हणे. तेही मी ऐकून घेतलं. कपाटाचं दार मनगटाला सगळ्या बाजूंनी लागत नाही, ताई.

उपदेश करत नाही. कामाचं तेवढं लिहिते. निघणार असलीस तर त्यांना आधी सांगू नकोस, चिठ्ठीही ठेवू नकोस. बायको "मी जाते" म्हणाली की धोका सगळ्यात जास्त असतो, असं मोठ्या बाई सांगतात. कागदपत्रं आणि चिमणीची औषधं घे, बाकी राहू दे. मी खोलीत दुसरी गादी आणून ठेवली आहे. घरमालकीणबाईंना बहीण येतेय एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, येऊ दे, फक्त नळ बंद करायला शिकव.

भाऊजी तुझा फोन बघतात, म्हणून हे तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून फाडून टाक.

ते शुक्रवारी दौऱ्यावरून परततील. गुरुवारी दुपारपर्यंत मला शाळेच्या फोनवरून कळव. येतेस की नाही, एवढंच.

तुझी,
धाकटी