पूर्ण बाह्यांचा शर्ट

मंगळवार, ऐन मे. सक्करदरा, संध्याकाळ.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, सोरायसिस आहे. क्वचित तोंडातही होतो म्हणे. आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही.

तीन महिने जिभेवरचे लाल चट्टे आरशात बघत होतो. वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, मग दुसरं काय निघणार? बायकोनेही तेच धरलं होतं. जिभेचा तुकडा तपासायला दिला, त्या दिवशी सुनंदा दवाखान्याच्या बाकावरच रडली.

आज डॉक्टरबाईंनी बाही वर करायला लावली. कोपरावरची जाड, पांढरट खपली बघून म्हणाल्या, "हे पहिल्याच दिवशी काहून नाही दाखवलं?"

तोंडाच्या डॉक्टरला कोपर कशाला दाखवायचं? आणि सुनंदा सोडून ते मी कोणाला दाखवलं होतं? दहा वर्षं, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. कोणी विचारलं की सांगायचं, ऊन लागते.

"घरात अजून कोणाले आहे का?" त्यांनी विचारलं. मी लगेच म्हणालो, "नाही."

घरी सुनंदाने देवापुढे साखर ठेवली. "आता तरी हसा ना जी," म्हणाली. आमची पल्लवी कूलरसमोर बसून भाजी निवडत होती. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता.

"घरात काहून घालून राहिली वं?"

"ऊन लागते, बाबा."

पडदे ओढलेले होते. मी तिच्याजवळ बसलो, दोन्ही बाह्या वर केल्या आणि भाजी निवडायला घेतली.