जयवंताची लेन

११ जानेवारी १९९७
मैदान आखायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात! रेल्वेतून रजा घेऊन आले ती आईच्या गुडघ्यासाठी, आणि आज शाळेचे हेडमास्तर सुधाकरराव दारात — "ताई, ऑलिंपिकले पळालेली बाई गावात असताना चुना आमी काऊन टाकाव?" सव्वीस तारखेला पोरांच्या शर्यती आहेत. हो म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांची झाले, अजून रोज सकाळी पळते. तरी त्या मैदानाचं नाव काढलं की पोटऱ्या शिवशिवतात.

१२ जानेवारी
टेप, सुतळी, खुंटी, चुन्याची बादली. लिंबाखालून सुरुवात, पूर्ण एक फेरी — दोनशे मीटर. आमचे माणिकराव गुरुजी असंच आखायचे. दोनच लेनी. आत मी, बाहेर माझी वर्गमैत्रीण जयवंता. कवायतीत उंच पोरं बाहेरच्या बाजूला, म्हणून शर्यतीतही तसंच! अनवाणी धावायचो. वाळलेली ढेकळं टाचेला टोचायची, आणि जयवंता पळता पळता हसवायची — "मथुरे, मागं पाहू नको वं, खाऊन टाकीन तुले!"
पुढे हैदराबादच्या सराव शिबिरात पहिल्यांदा स्पाइक्स, खिळ्यांचे बूट, घातले तेव्हा रडले होते. पाय कुणीतरी बांधून ठेवलेत असं वाटलं. ऑलिंपिकच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्याच फेरीत, सहावी आले, घरी परतले, इतकीच माझी गोष्ट. पण तिथल्या वळणावरही उजव्या कानाशी श्वास ऐकू आला तो जयवंताचाच.

१३ जानेवारी
आज सुरुवातीच्या रेघा मारल्या. वळणावर बाहेरची वाट लांब पडते, म्हणून बाहेरच्या लेनीला तेवढं अंतर पुढे द्यावं लागतं. सवयीने रेघ पुढे सरकवली. साडेसात मीटर. आणि तिथेच मातीत बसले.
गुरुजी एकच सरळ रेघ मारायचे. दोघींना एकच!
निवडीच्या दिवशी जिल्ह्याला एकच पोरगी जाणार होती. मी हातभर पुढे होते. हातभर! म्हणजे जयवंता साडेसात मीटर जास्त धावून हातभर मागे. मी जिल्ह्याला गेले. तिचं त्याच उन्हाळ्यात गावातच लग्न झालं.
हे गणित हैदराबादला पहिल्याच आठवड्यात शिकले होते. मग इतकी वर्षं गावची रेघ का नाही आठवली? — आठवायची नव्हती.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन तिच्याकडे गेले. कापूस वेचून नुकतीच आली होती, ओटी अजून कमरेलाच. वर्तमानपत्रातला माझा फोटो तिने चौकटीत लावलाय. सुनेला सांगत होती, "इच्या संगं पळत होती मी. थोडक्यात हरली!" मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने लाडूच कोंबला — "गोड बोल वं, आज तरी!"
तशीच परत आले.

१५ जानेवारी
गुरुजींना जाऊन दहा वर्षं झाली. भांडू कुणाशी?

१६ जानेवारी
सांगितलं. तिच्याच वावरात, काडीने मातीत दोन गोल काढून.
तिने बाहेरच्या गोलावरून बोट फिरवलं. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे आता. तसं म्हणाली नाही. हळूच विचारलं — "म्हंजे मी हरली नोती?" आणि मग, "माहा बाप म्हने, हरलेल्या पोरीले शायेत कायले ठेवाव."
मी माफी मागितली. ऐकलीच नाही तिने! पदर खोचला. "आता तं बरोबर आखलं ना तू? मंग उद्या सकाळी ये."
"जये, येडी झालीस का? नातू आहे तुला!"
"तुले नाही, म्हनून तू जोरात पळशीन का?"
दोघी हसलो. पण ती गंमत करत नव्हती.

१७ जानेवारी
सकाळी धावलो. लेन तिनेच निवडली — बाहेरची. कासोटा, अनवाणी पाय. सुधाकररावांची शिट्टी. कवायतीला आलेली पोरं ओरडत होती.
जयवंताला मी मुद्दाम जिंकू दिलं, असं सुधाकरराव गावभर सांगत सुटलेत. माझ्या मोठ्या मनाचं कौतुक चाललंय.
मी जीव तोडून धावले होते.